दिवे विझले की खटका ओढायचा

वीजघरात त्याला सगळे दादा म्हणत. वसाहतीतल्या चौदा कारखान्यांना वीज पुरवणारी तीन डिझेल इंजिनं, त्यातलं एक वर्षभर उघडून पडलेलं, आणि राहिलेल्या दोघांना एकमेकांशी जुंपणारा हा एकटा गडी. सव्वीस वर्षं तेच काम.

काम बैल जुंपण्यासारखंच. चालत्याचं आणि नव्याचं पाऊल एक झाल्याबिगर जू ठेवायचं नाही. पाऊल जुळत नाही तोवर फलकावरचे तीन बारके दिवे लुकलुकतात, जुळलं की तिन्ही विझतात. विझले रे विझले की खटका ओढायचा. जरा इकडं-तिकडं झालं, तर दोन्ही इंजिनं एकमेकांना असा हिसडा देतात की पोलादाचे तुकडे.

दोन वर्षं झाली, दादाला ते दिवे दिसतच नव्हते. साखरेनं डोळे आतून खाल्ले होते. चष्म्यानं काही व्हायचं नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. हे ठाऊक फक्त साडूला. तो तिथंच तेलपाण्याला होता, दादानंच चिकटवलेला. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींच्या चुली एकाच खटक्यावर. साडू फडकं घेऊन फलक पुसल्यासारखं करायचा आणि दिवे विझले की खोकायचा. दादा ओढायचा.

"गडी नुसत्या आवाजावर ओढतो," साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

"साडूभाऊ, मी मेलो तर घसा तेवढा काढून ठेवा हं," साडू म्हणायचा.

"मरायचं तर आधी रजेचा अर्ज टाक," दादा म्हणायचा.

बुधवारी दुपारी भार वाढला. दोन नंबर सुरू केलं, तर धूर बाहेर जायचा सोडून आतच कोंडला. दादाचा हात खटक्यावर. साडूनं श्वास घेतला आणि त्याला खराखुरा ठसका लागला.

दादानं ओढला.

जमीन हादरली. दोन नंबरचा जोड तुटून भिंतीत घुसला, एक नंबर गचके खात थंड पडलं. चौदाही कारखाने गप्प झाले. रस्त्यावरचं कुत्रं भुंकलेलं आत ऐकू आलं.

साहेब धावत आले. "दिवे खराब होते का, दादा?" वाट मोकळी करून दिल्यासारखंच विचारलं त्यांनी.

"हो ना. मधला मघाधरनं पेटतच नव्हता."

"थांब, बॅटरीवर लावून बघतो." फलकाशी खुडबुड झाली. "आता?"

दादा साडूच्या अंगाला वळला. साडू तोंडावर फडकं दाबून उभा होता.

"नाही पेटला. गेलाच तो, साहेब."

तिन्ही दिवे लख्ख पेटले होते.

"घरी जा, दादा." मग साडूकडं बघून, "तूही."

"उद्या पहिल्या पाळीला येऊ ना, साहेब?"

साहेबांनी मान हलवली. कशी हलवली, ते दादाला दिसलं नाही.