गोदूबाईंची पडद्यावरची जत्रा

विठ्ठलवाडीच्या गोदूबाईंचा आणि त्यांच्या नवऱ्याचा, दौलतरावांचा, स्वतःचा आकाशपाळणा होता. मुरबाडपासून कल्याणपर्यंत जत्रा भरली की टेम्पोत घालून न्यायचा आणि उभारायचा. दौलतराव मशीन सांभाळायचे, गोदूबाई माणसं. दौलतराव गेले, पाळणा विकला, आणि गेली नऊ वर्षं गोदूबाई तो विषयच काढत नव्हत्या.

मे महिन्यात एकदा त्यांची अकरा वर्षांची नात कल्पिता कंप्युटरसमोर वैतागून ओरडली, "आजी, बघ ना! पुन्हा सगळे पार्क सोडून चालले!"

खेळ होता मुलांसाठी पार्क उभारून चालवायचा. गोदूबाईंनी चष्मा चढवला. पडद्यावर टीचभर माणसं पाळण्यातून उतरत होती आणि भडाभडा ओकत होती. त्यांना हसूच फुटलं.

"अगं, खाण्याची गाडी पाळण्याच्या तोंडाशी लावलीस! भरल्या पोटी वर गेल्यावर दुसरं काय होणार? गाडी बाहेरच्या वाटेवर ने. आणि उतरल्यावर टेकायला बाकडी कुठायत?"

कल्पिताने सगळं हलवलं. दहा मिनिटांत पार्क गजबजलं. त्या दिवसापासून दुपारची झोप दोघींनी सोडलीच.

जूनमध्ये माजिवड्याच्या एका क्लासने याच खेळाची स्पर्धा ठेवली. एक मूल, घरातलं एक मोठं माणूस आणि एक तास. शेवटी ज्यांच्या पार्कात खूश माणसं जास्त, ते जिंकणार. बहुतेक मुलांबरोबर आईबाबा आलेले. नऊवारीतली आजी एकच, गोदूबाई.

पंचेचाळीस मिनिटं झाली आणि त्यांच्या पाळण्यावर दुरुस्तीचा पिवळा दिवा लागला.

"थांबव," गोदूबाई म्हणाल्या.

"आजी, रांग केवढी आहे! चिडतील सगळे. लाल झाला की थांबवू ना."

"म्हशाच्या जत्रेत नट वाजल्याचा नुसता आवाज आला, तेव्हा दोनशे माणसं खाली बोंबलत होती. तरी थांबवलेला मी. बंद कर!"

कल्पिताने ओठ चावत बटण दाबलं. खूश माणसांचा आकडा घसरायला लागला.

"आता तो विदूषक रांगेसमोर नाचव. उभ्या माणसाला बघायला काहीतरी लागतं."

विदूषक नाचला, रांगेतली माणसं थांबून राहिली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर क्षिप्रा नावाच्या इंजिनिअर बाई किंचाळल्या. पिवळा दिवा लागूनही न थांबवलेला त्यांचा पाळणा माणसांसकट वरच अडकला होता. इकडे पडद्यावरच्या मिस्त्रीचं काम संपलं, तेव्हा चार मिनिटं उरलेली. पाळणा फिरला आणि आकडा धावत सुटला. आठशे, नऊशे...

"चल, चल, चल!" गोदूबाई खुर्चीतून उठूनच ओरडत होत्या.

एकोणीस माणसांच्या फरकाने त्या दोघी जिंकल्या. कल्पिता आजीच्या गळ्यातच पडली.

क्षिप्राबाई हसत जवळ आल्या. "आजी, तुम्ही कुठल्या कंपनीत होतात?"

"कंपनी कसली? आमचा आकाशपाळणा होता," गोदूबाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच, अगदी पहिल्या जत्रेपासून, सगळं सांगायला सुरुवात केली.