मोरिंगेचा डूख

आमची पलटण पूर्वेकडच्या टेकड्यांत पोस्ट झाली तेव्हा दत्ता आणि मी दोघंही खूश होतो. त्याआधी वाळवंटात भाजून निघालो होतो, आता डोळ्यांना हिरवं दिसणार होतं. दत्तानं आईला फोन लावून सांगितलं की हितं आपल्या राधानगरीसारखं रान हाय, काळजी करू नको. तो पेठ वडगावचा, मी नेसरीजवळच्या एका खेड्यातला. कोल्हापुरात एकाच भरतीला दोघं धावलो आणि पलटणीत बडी पेअर झालो. म्हणजे गस्त, पहारा, जेवण, सगळं जोडीनं. मी नाईक, तो लान्स नाईक, पण बडबडीत त्याचा रँक जनरलच्याही वर होता.

लोक मला बर्फाचं विचारतात, गोळीचं विचारतात. पाल्याचं कुणी विचारत नाही. मी आज पाल्याचंच सांगणार आहे.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज राहणं, मग चहा, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. रान कायम ओलं. जळवा बुटात शिरायच्या आणि दत्ता त्यांना सरपंचापासून मामलेदारापर्यंत नावं ठेवायचा. नवीन आलेल्यांना तिथं एक लेक्चर होतं, त्यात विषारी झाडं दाखवायचे. आम्हाला अंगभर कुसळं असलेली सिस्नू दाखवली आणि सांगितलं, असले काटे दिसले तर हात लावू नका. आम्ही लक्षात ठेवलं. काटे दिसले तर.

मग खबर आली की चौघं हत्यारबंद नाल्याच्या वाटेनं येणार. आमच्या सेक्शननं उजाडायच्या सुमारास अँबुश लावला, म्हणजे दबा धरला. हुकूम एकच, आवाज नको. दत्तानं माझ्या डावीकडं आडोसा धरला. पुरुषभर उंचीचं झुडूप होतं. पानं लांबरुंद, तकतकीत, एखाद्या बंगल्याच्या कुंडीत शोभतील अशी. दोन्ही हातांनी फांद्या सारून तो आत शिरला आणि मान पाल्याला टेकवून पडून राहिला.

थोड्या वेळानं त्याची कुजबूज आली. "खाजकुयली हाय रं." आवाजात हसू होतं. खाजकुयली आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाकायची आणि मार खायचा. घरी गेलं की आई खसखसून अंग धुते आणि खाज जाते. दत्तानं तेच केलं. पाण्याची बाटली उघडली आणि मानेवर, हातांवर ओतली.

तो ओरडला. मला तो आवाज त्याचा वाटलाच नाही. खालून त्या आवाजाच्या रोखानं गोळ्यांचा बर्स्ट आला. दत्ताच्या छातीत दोन गोळ्या लागल्या. त्याची रायफल घरंगळत नाल्यात गेली. आम्ही फायर उघडला तोवर ते चौघं पांगले होते, आणि जाताना गोळ्या झाडणाऱ्यानंच रायफल उचलून नेली होती. आमचा माणूस मारला आणि वर त्याचं हत्यारही नेलं. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजतागायत उतरलेली नाही.

मी त्याला त्याच झुडपातनं ओढून वर आणलं. माझे हात कोपरापर्यंत पेटले होते, पण तेव्हा कळलं नाही. दत्ता शुद्धीवर होता. त्यानं माझ्याकडं बघून सांगितलं, "बाळू, ही खाजकुयली न्हवं." हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला.

पेटीबरोबर मीच वडगावला आलो. सलामी झाली, अग्नी दिला. स्मशानातून परतल्यावर दारात हातपाय धुवायचे असतात. दत्ताची आई, तिला सगळे आक्का म्हणतात, स्वतः तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि माझे हात निखाऱ्यात घातल्यासारखे झाले. दिसायला हातावर काही नव्हतं, लालीसुद्धा गेली होती. मी दात आवळले, पण बाईनं बघायचं ते बघितलं. काय झालंय विचारलं. पाला लागलाय म्हणालो, पाण्यानं आग होते. त्यालाही लागला होता का, विचारलं. व्हय म्हणालो. तिनं तांब्या खाली ठेवला.

"मारणारा जित्ता हाय?"

"हाय."

"मग तू हितं काय करतूयास?"

उरलेली रजा मी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी मिरजेहून गाडी धरली.

साप डूख धरतो म्हणतात, खरं-खोटं माहीत नाही. मी धरला होता. आधी त्या झाडावर आणि मग त्या माणसावर. आमच्या आर.एम.ओ. कॅप्टन मॅडम होत्या, पलटणीच्या डॉक्टर. त्यांच्यापुढं मी त्या झाडाची फांदी पोत्यात गुंडाळून नेऊन ठेवली आणि म्हणालो, मॅडम, याचं सगळं कूळ सांगा. सोयरीक जमवताना कुणी एवढी चौकशी करत नसेल. मॅडमनी फांदी दाबून, वाळवून त्यांच्या ओळखीच्या वनस्पतीवाल्यांकडं पाठवली. नाव आलं, डेंड्रोक्नाइड सायन्युएटा. पहिल्या शब्दाचा अर्थ खाजरं झाड, दुसऱ्याचा नागमोडी काठाचं. तिथले नेपाळी बोलणारे लोक त्याला मोरिंगे म्हणतात.

कूळ अर्टिकेसी. त्या नावातच जाळणं आहे म्हणे. भावकी मोठी. सिस्नू त्यातलीच, तिची पानं देठावर समोरासमोर येतात आणि कुसळं उघड दिसतात. आपल्या सह्याद्रीतली मोठी खाजोटी त्यातलीच, तिचं पान पंजासारखं कातरलेलं. तिला निदान लाज आहे, ती काटे दाखवून चावते. मोरिंगेचं पान एकाआड एक, वर तुकतुकीत, आणि केस इतके बारीक की नजरेला पडत नाहीत. मॅडमनी भिंगाखाली दाखवले. प्रत्येक केस म्हणजे काचेची पोकळ सुई. टोक मोडतं, सुई कातडीत शिरते आणि विष सोडते. पाण्यानं आग पुन्हा का भडकते ते मॅडमनाही नक्की सांगता आलं नाही, पण भडकते आणि कित्येक दिवस भडकत राहते. धुवायचं नाही, चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून केस उपटायचे. एवढंच त्या लेक्चरमध्ये कुणी सांगितलं असतं तर दत्ता आज वडगावच्या बाजारात पोरांना घेऊन फिरला असता.

आणि खाजकुयली? ती वेल. वाल-घेवड्याच्या घरातली, तिच्या शेंगेवरची लव खाजवते. मोरिंगेशी तिचं दूरचंही नातं नाही. वड, उंबर, फणस हे मोरिंगेला जवळचे. म्हणजे दत्ता मरताना जे बोलला ते शास्त्राप्रमाणं बरोबर होतं.

मग मी रान वाचायला लागलो. मोरिंगे सावलीत आणि ओलीत वाढते, नाल्याच्या काठानं दाट. गस्तीवर असताना तिची जागा अन् जागा मी मनात पक्की केली. सुभेदारसाहेब आमचे प्लाटूनचे, जुने माणूस. त्यांना मी सांगितलं की पुढची खबर येईल तेव्हा तिन्ही वाटा बंद करू आणि चौथी मोकळी ठेवू. चौथी कुठली, त्यांनी विचारलं. मोरिंगेची, म्हणालो. त्यांनी नकाशावर नाल्याचा काठ बघितला. मग म्हणाले, "ठीक हाय."

खबर आली. तेच चौघं, तोच नाला. फायर सुरू झाला तेव्हा दोघं तिथंच पडले, एकानं हत्यार टाकलं. चौथा नाल्यात उडी मारून मोरिंगेत घुसला. तिथल्या माणसाला ते झाड ओळखता येत नव्हतं असं नाही. पण गोळी आणि पाला यांत माणूस पालाच निवडतो. पोरं मागं धावायला लागली, मी थांबवलं. रेडिओवर सुभेदारसाहेबांचा आवाज आला.

"फोर्थ मॅन?"

"झाडात गेला, साब. उद्या सापडंल."

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावाला कॉर्डन घातला, चौफेर वेढा. गावचा मुखिया आणि पोलीस बरोबर होते. पुरुष मंडळी मुखियाच्या अंगणात बसवली. सगळ्यांची तोंडं सारखीच गरीब. मी चहा ठेवायला सांगितला आणि म्हणालो, चहाआधी सगळ्यांनी हात धुवायचे. पाण्याची बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन मीच उभा राहिलो. एकेक येत गेला, धूत गेला. एकजण मात्र मागं मागं सरकत होता. त्याचा नंबर आला तेव्हा मला चहा नको म्हणाला. मी म्हणालो, चहा नको तर नको, हात धू.

त्यानं हात पाठीमागं घेतले. मी मनगट धरून पुढं ओढलं आणि पाण्याचा मग हातावर उपडा केला.

तो दत्तासारखाच ओरडला. अगदी तसाच. मी दुसरा मग भरला तेव्हा सुभेदारसाहेबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "बस, बाळासाहेब. सापडला." हात खाली घ्यायला मला वेळ लागला. वाईट वाटलं का असं कुणी विचारलं तर सरळ सांगतो, नाही. आजही वाटत नाही. उलट तो दुसरा मग राहिला याची रुखरुख आहे.

संध्याकाळपर्यंत त्यानं त्याच्या घरामागची जागा दाखवली. रायफल प्लास्टिकात गुंडाळून पुरलेली होती. दस्त्यावरचा बट नंबर पुसायला बघितला होता, पण वाचता येत होता. दत्ताचाच होता. पोलिसांनी त्याला नेलं, केस झाली, जन्मठेप लागली.

रजेवर आलो तसा आधी वडगाव गाठलं. आक्काला सगळं सांगितलं. सापडला म्हणालो. तिनं विचारलं, वरडला का. म्हणालो, आख्ख्या गावानं ऐकलं. माझा दत्तू वरडल्याला का, हेही तिनं विचारलं. सरकारी कागदावर आम्ही तसलं काही लिहिलं नव्हतं. पण त्या बाईपुढं मला खोटं बोलवेना. व्हय म्हणालो.

आक्का पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्यो वरडून जित्ता हाय."

 

आता मी रिटायर आहे, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या गेटवर सुपरवायझर. दत्ता गेला त्या दिवशी दरवर्षी सुट्टी टाकतो आणि वडगावला जातो. भिंतीवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, हसणारा. आक्का थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. तरी दारात तांब्या घेऊन तीच उभी असते. मी हात पुढं करतो. पाणी घालायच्या आधी ती एकच गोष्ट विचारते.

"अजून जेलातच हाय न्हवं त्यो?"

"हाय, आक्का."

मग ती पाणी घालते.