मुक्कामाचं कारण

जुनी सेडान घेऊ नका, असं मला गावात सगळ्यांनी सांगितलं. ज्यांच्याकडे साधी सायकल नाही, त्यांनी जरा जास्तच सांगितलं. आमच्या रोहण्याच्या रस्त्यांवर बुटकी गाडी खालून घासते, एसी गळतो, काचा अर्ध्यावर अडकतात, बॅटरी कधी मान टाकेल याचा नेम नाही. सगळं खरं निघालं. तरी मी घेतली, कारण तिची डिकी मोठी होती आणि लेक अमरावतीला दिलेली होती. संत्र्यांची दोन पोती, तुरीची डाळ, पापडांचा डबा, एवढं सगळं घेऊन आम्ही दोघं नवराबायको निघायचो.

बायको गेली आणि गाडी अंगणात उभीच राहू लागली. एक दिवस सुरूच होईना. मी चिडून आर्वीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, उंदरांनी ओढून आणलेला कापूस मूठ-मूठ बाहेर काढला आणि उलट मलाच झापलं.

"काका, गाडीले काही नाई झालं. तुमी चालवूनच नाई राह्यले. काऊन उभी ठेवता? कुठंतरी जात जा न."

कुठं जाणार? शेत पायी दहा मिनिटांवर. आर्वीला बस जाते. उरली लेक.

पण आमच्यात बाप लेकीच्या घरी विनाकारण मुक्काम करत नाही. सकाळी जायचं, जेवायचं, चहा घेऊन दिवस मावळायच्या आत परतायचं. माझे वडील तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. त्या मानानं मी सुधारलेला. जावईबापू बिचारे काही मनात आणणारे नाहीत, पण लहानपणापासून अंगात मुरलेलं असं जात नाही.

पाऊसपाणी संपल्यावर एकदा गेलो, तर गाडी तिच्या दारातच बंद पडली. अल्टरनेटर गेला होता आणि पार्ट नागपूरहून यायला दोन दिवस लागणार होते. मी पुष्कळ आरडाओरडा केला, गाडी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती कपबशा धुण्याच्या आवाजानं. घरात दुसरं माणूस वावरताना मी किती महिन्यांनी ऐकत होतो! उठलोच नाही. तसाच पडून ऐकत राहिलो. दुपारी लेकीसोबत मेथी निवडली. तिनं विचारलं, "आई मेथीत लसूण आधी टाकत होती का मागून?" मला आठवेना. मग तेवढ्यावरून आम्ही दोघंही रडलो, आणि मला फार बरं वाटलं.

गाडी दुरुस्त झाली. आर्वीच्या मेकॅनिकनं नंतर तपासून सांगितलं, "आता ही तुमाले दगा नाई देत." त्याचा मला रागच आला.

गेल्या थंडीत संत्री घेऊन पुन्हा गेलो. नदीचा पूल ओलांडेपर्यंत मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. तिच्या दारात गाडी लावली तेव्हा लख्ख ऊन होतं. मी किल्ली काढली आणि हेडलाइट लावले. दार उघडताच दिवे चालू म्हणून गाडी पीं-पीं करायला लागली, तसं मी उतरून ते घाईनं आपटलं. उन्हात दिवे कोणाला दिसतात? चार-पाच तासांत बॅटरी उतरेल असा माझा हिशेब. साठी उलटलेला माणूस, आणि अशी चोरी! पिशवीत मी जास्तीचा सदरा आणि रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या होत्या.

चहा झाला. लेक म्हणाली, "निघा बाबा आता, अंधाराच्या आत पोचाल."

थांबा म्हणाली असती तर मी थांबलो असतो का? नियमाप्रमाणे दोनदा नाही म्हटलं असतं. मला राहायचं होतं, एवढंच तर सांगायचं होतं. ते मला येईना. गाडीनं सांगावं म्हणून मी जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाली.

लेक खिडकीशी वाकली. तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद!

"बाबा, तुमचे लाइट चालूच राह्यले होते. संत्री उतरवाले आली तवा दिसलं मले. लगेच बंद केले, नाई तं अडकले असते न तुमी इथं!"

"बरं झालं," मी म्हणालो.

"पोचल्यावर फोन करजा," ती म्हणाली, आणि मला गाडी वळवता यावी म्हणून फाटकातून बाजूला झाली.