समासातलं प्रश्नचिन्ह

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीमामा म्हणत. मुद्रितं तपासण्यात तीस वर्षं गेलेली. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की या गृहस्थांना अन्न गोड लागत नसे. लग्नाच्या पत्रिकेतही ते चुका काढत, म्हणून नातेवाईक त्यांना आमंत्रण तोंडीच देत. मजकुरात काही खटकलं, तर ते समासात प्रश्नचिन्ह काढत. त्याचा अर्थ एवढाच, की लिहिणाऱ्याला विचारा.

लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी बंड केलं, त्या सकाळी जाहीरनामा घेऊन आला तो मामांचा सख्खा भाचा, नवा कोरा कॅप्टन. आई गेल्यावर मामांनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ‘जनतेच्या पाठिंब्याने आम्ही सत्ता हाती घेतली आहे,’ या वाक्याशी मामांची पेन्सिल थबकली. जनतेला विचारलं कुणी आणि कधी? त्यांनी ‘पाठिंब्याने’समोर समासात प्रश्नचिन्ह काढलं. भाचा मॅनेजरच्या खोलीत फोनला चिकटलेला. मुद्रित समोर येताच त्यानं न बघता सही ठोकली. सही आली म्हणजे सगळं मंजूर, असं धरून अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं ते चिन्हही मजकुरात बसवलं.

दुपारी भिंतीभिंतीवर लागलं: ‘जनतेच्या पाठिंब्याने? आम्ही सत्ता हाती घेतली आहे.’

लोक वाचून गालातल्या गालात हसले आणि आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी बसचालक आले नाहीत, टेलिफोनवरच्या बायका आल्या नाहीत, पाणी सोडणाराही फिरकला नाही. विरोध म्हणाल, तर कुणी साधा खडासुद्धा मारला नाही. तिसऱ्या दिवशी शिपाईच कंटाळून बराकीत परतले आणि भाचा पकडला गेला. एका चिन्हानं बंड कोसळत नाही, हे मामांना कळत होतं. तरी आपण पेन्सिलीनं पोराचा गळा कापला, हे काही मनातून जाईना.

तुरुंगाच्या जाळीपलीकडे भाचा वाळून अर्धा झाला होता. प्रश्नचिन्हाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

“मामा, हे सगळं लोकांसाठीच तर होतं,” तो म्हणाला. “मग एकही माणूस का नाही आला?”

मामांना खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं.

“मीसुद्धा दोन दिवस घरीच बसलो होतो रे.”

“तुम्ही? का?”

“तू मला तरी कुठं विचारलं होतंस?”