घाटात गाडी मी चालवते

आमचं जव्हारला भांड्यांचं दुकान. आठवडी बाजाराला हे छोट्या व्हॅनमधून टोप, हंडे, पराती घेऊन मोखाड्याला जात. साठी उलटली तरी गाडी ह्यांच्याच हातात. मी शेजारी बसायची, फार तर काच पुसून द्यायची.

एकदा माळ्यावरून पातेली काढताना शिडी घसरली आणि ह्यांचं डोकं फरशीवर आपटलं. नाशिकच्या रुग्णालयात नेलं. आत रक्त साकळलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. हे वाचले. हळूहळू चालू-बोलू लागले, गिऱ्हाइकांशी घासाघीसही करू लागले. मग एका सकाळी हात पुढे करून म्हणाले, "किल्ली दे."

"आधी डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं.

डॉक्टरांनी आम्हाला त्याच रुग्णालयातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. डोक्याला मार लागलेल्या वयस्कर माणसांनी पुन्हा गाडी चालवावी की नाही, आणि चालवली तर कधी, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. दारावरची पाटी वाचून हे तिथेच अडले. "मी काय वेडा झालोय?"

"ते मला माहीत नाही. पण किल्ली आता त्यांच्याच हातात आहे."

हे आत गेले. बाईंनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं, कागदावरचे आकडे क्रमाने जोडायला दिले, पडद्यावर दिवा लागला की बटण दाबायला लावलं. चिडचिड होते का, झोप लागते का, तेही विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "घरात काही वेगळं जाणवतं?"

"तसं काही नाही. फक्त हल्ली चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि भाजी?"

"भाजी चाटूनपुसून."

चटणी ताटात डावीकडे, भाजी उजवीकडे. मी आपली समजत होते, तोंडाची चव गेली असेल. बाईंनी समजावलं, डोळे चांगले आहेत, पण डाव्या बाजूकडे मेंदूचं लक्षच जात नाही. रस्त्यात डावीकडून शेळी किंवा पोर आलं, तर ह्यांना ते कळणारच नाही. सरावाने पुष्कळ सुधारेल, पण तोवर गाडी बंद.

परतीच्या एसटीत हे म्हणाले, "म्हणजे बाजार संपला."

"संपतोय कशाला? मी शिकते गाडी."

हे इतके हसले की पुढची माणसं मागे वळून बघायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असं हसले होते.

मी मात्र खरंच शिकले. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला सुरुवातीला माझ्या हातून असे गचके बसायचे की शिकवणारे बिचारे डॅशबोर्ड धरून बसत. लायसन्स मिळालं, मग आमच्या व्हॅनवर जामसरच्या रस्त्याला सराव सुरू केला. बाईंनी ह्यांना सांगितलं होतं, मान मुद्दाम डावीकडे वळवायची आणि दिसेल ते मोठ्याने बोलायचं. शेजारच्या सीटवर बसून हे ओरडत, "डावीकडे कुंपण! डावीकडे म्हैस! डावीकडे कोणी हात करतंय!"

हात करत होत्या लाकडाच्या मोळ्या घेऊन निघालेल्या बायका. त्यातली एक ओरडली, "आगं बाय, तूच हाकतेस?"

"हो!" मी ऐटीत म्हटलं, आणि गाडी बंद पडली. त्या हसल्या, हे हसले, मीही स्टिअरिंगवर डोकं टेकून पोट दुखेपर्यंत हसले.

पुढच्या तपासणीत डावीकडचे दिवे ह्यांना दिसू लागले होते. मग बाईंनी एका मोकळ्या मैदानात, शेजारी जाणता माणूस बसवून, ह्यांच्याकडून गाडीही चालवून घेतली. दिवसाउजेडी, ओळखीच्या सरळ रस्त्याला चालवायला हरकत नाही म्हणाल्या. "घाट मात्र इतक्यात नको."

"घाट हिचा," हे लगेच म्हणाले. एवढ्या सहजपणे म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

आता बाजाराच्या दिवशी जव्हारातून गाडी हे काढतात. वळणं सुरू व्हायच्या आधी बाजूला घेतात, आणि आम्ही जागा बदलतो. मागे भांडी खणखणत असतात आणि मी घाटातून गाडी नेते.

पहिल्याच बाजारात मोखाड्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काय शेठ, ड्रायव्हर ठेवला वाटतं?"

"ठेवला," हे म्हणाले. "पगार मागत नाही, पण भजीचा वास आला की गाडी पुढे नेत नाही."

खोटं कशाला बोलू? त्या दिवशी येताना दोनदा थांबवली.