एका कॉम्प्युटरला तीन पहारेकरी

डबलकुलूप काकांचं खरं नाव त्यांच्या इमारतीत कुणाला विचाराल तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. हे नाव पडलं ते सवयीवरून. बाहेर पडताना दाराला कुलूप लावायचं, जिना उतरायचा, फाटकापाशी पोचलं की थबकायचं आणि पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायचं. काकू तोवर खाली पिशवी धरून उभ्या. "लागलंय का हो?" त्या विचारायच्या. "लागलंय," काका गंभीर चेहऱ्याने सांगायचे. जणू एखाद्या दिवशी ते न लागताच राहिलं असतं!

काकांची अख्खी नोकरी बँकेच्या दारावर गेली. पहारेकरी. ऊन असो, थंडी असो, माणूस डोळ्यांत तेल घालून उभा. त्या दारातून चोर म्हणून कधी शिरला नाही. आता चोर आलाच नाही, की काका उभे होते म्हणून आला नाही, हे कोण सांगणार? काकांना मात्र त्यात तिळमात्र शंका नव्हती. आणि बँकेच्या तिजोरीचा एक नियम त्यांच्या हाडामांसात मुरला होता. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय उघडायची नाही. एकावर विसंबलं की घात झालाच म्हणून समजा.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, आणि त्याच सुमारास घरात कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर आला होता काकूंसाठी. लग्नाच्या धामधुमीत त्यांची पदवी अर्धवट राहिली होती. मुलाचं शिक्षण झालं, तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, सासूबाईंचं आजारपण निस्तरून झालं, आणि मग एक दिवस काकूंनी गुपचूप जाऊन इतिहास विषयाला नाव घातलं. घरी आल्यावर सांगितलं, ते सुद्धा हात पुसता पुसता. एकेक पेपर देत देत बाई शेवटच्या पेपरापर्यंत आल्या होत्या. आधीचे पेपर केंद्रावर जाऊन दिलेले, हा मात्र घरूनच, कॉम्प्युटरवर, ठरल्या वेळेत लिहायचा. पण विद्यापीठाने दिलेली मुदत यंदा संपत होती. हा एक पेपर हुकला की आधीचे सगळे पाण्यात.

काका शिकले बेताचेच, पण कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं खातं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. दुकानदाराने एक अँटीव्हायरस घालून दिला होता. काकांनी आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवली, आणि त्यांचं मन काही भरेना. हा एकटाच! हा झोपला तर? त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? म्हणून त्यांनी दुसरा घातला. पुढे फुकटात मिळतोय म्हणून तिसरा. पडद्याच्या कोपऱ्यात तीन रंगांच्या तीन ढाली आल्या आणि दर थोड्या वेळाने एकेक ढाल वर येऊन सांगू लागली, "तुम्ही सुरक्षित आहात." प्रत्येक वेळी काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की बघत राहावं.

आणि कॉम्प्युटर? त्याची पार गोगलगाय झाली. काकू बटण दाबून आंघोळीला जायच्या, कुंड्यांना पाणी घालायच्या, केस विंचरायच्या, तरी तो आपला गोल गोल फिरतोच आहे. अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटायला त्याची मर्जी व्हावी लागायची. काकूंनी कधी तक्रार केली नाही. करायला हवी होती, असं मला वाटतं, पण ती बाईच तशी. संसारात इतकं थांबून झालं होतं की आणखी थोडं थांबायचं त्यांना फार वाटत नसे.

मग सरावाची परीक्षा आली. खऱ्या पेपराच्या आधी सगळ्यांनी एकदा घरून देऊन बघायची. काकू धुवट साडी नेसून, चष्मा पुसून बसल्या. तिसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर पडदा जो गोठला तो गोठलाच. तीनही ढालींनी एकदम डोकं वर काढलं. विद्यापीठाचा परीक्षेचा प्रोग्रॅम त्यांना संशयास्पद वाटत होता, आणि तिघांनी मिळून तो अडवून धरला होता. तोपर्यंत वेळ संपली. काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातली बाई चांगली वयाची, कामात मुरलेली. तिने तो चालू केला, थोडा वेळ बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"का? काय झालं?"

"अहो, एक पुरे असतो. हे तिघे एकमेकांवरच पहारा देतायत! एकाने फाइल उघडली की दुसरा धावतो, दुसरा हलला की तिसरा. कॉम्प्युटर ठणठणीत आहे तुमचा. त्याला श्वास घेऊ द्या. दोन काढून टाकते, लगेच पळायला लागेल."

काकांचा चेहरा उतरला. बाई बोलली सरळ मनाने, पण काकांना वाटलं, ही माझ्या जन्माच्या नोकरीलाच नावं ठेवतेय. "काही काढायचं नाही," ते फटकन म्हणाले. "चोर सांगून येत नसतो."

"तुमचं घर, तुम्ही जाणा," बाई म्हणाली, आणि हात न लावता कॉम्प्युटर परत दिला.

वाटेने काका मनातल्या मनात तिच्याशी भांडत आले. घरी पोचेपर्यंत भांडण त्यांनी जिंकलं होतं. दारातच काकूंनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "जुना झालाय म्हणाली. काही होण्यासारखं नाही."

अहो, इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोशी खोटं बोलला नव्हता! बोलला तो असा.

"बरं," काकू म्हणाल्या.

"नवा घेऊ या की."

"पेपर चार दिवसांवर आलाय. नव्यावर हात कधी बसायचा? राहू दे तो पेपर. मी तरी कुठे नवी आहे, त्या बिचाऱ्याला काय बोल लावायचा!" असं म्हणून त्या हसल्या सुद्धा. ते हसू काकांना दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी काका बाहेरच्या खोलीत आले तर काकू जमिनीवर बसून अभ्यासाची पुस्तकं फडक्याने पुसत होत्या. पुसून एकावर एक रचत होत्या. वाचनालयाला देऊन टाकायची म्हणाल्या, घरात धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडतील. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. गठ्ठ्याला सुतळी आवळली आणि म्हणाल्या, "जरा बोट ठेवा हो इथे. गाठ सुटतेय."

काका गुडघे धरत खाली बसले. गाठीवर बोट ठेवलं. काकूंनी सुतळीचं टोक ओढलं, आणि काकांना राहवलं नाही.

"कॉम्प्युटर जुना नाही झालेला."

काकूंचे हात थांबले.

"मीच... ते तीन घातलेत ना, त्यांच्यामुळे अडतोय. दोन काढले की चालेल म्हणाली ती. मी काढू दिले नाहीत."

काकूंनी सुतळी सोडून दिली. काकांना वाटलं, आता भडकेल, भडकली तर बरं. पण त्या बोलल्या त्या अगदी हळू आवाजात.

"तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला पुस्तकं बांधू दिलीत?"

काकांनी गाठीवरचं बोट काढून घेतलं.

"अहो, तो चोर तर कधी आलाच नाही. मी इथे रोज बसत होते. त्याची एवढी काळजी, आणि माझी?"

काका उठले आणि थेट कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. पहिला अँटीव्हायरस काढायला घेतला तर त्याने विचारलं, "नक्की काढायचा? तुमचा कॉम्प्युटर धोक्यात येईल." बँकेचं दार सताड उघडं टाकून घरी निघाल्यासारखं त्यांना झालं.

"दाबा," काकू मागून म्हणाल्या.

काकांनी दाबलं. मग दुसऱ्यालाही निरोप दिला, आणि उरलेल्या तिसऱ्याला परीक्षेचा प्रोग्रॅम सोडायला सांगितलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तर काकूंनी खुर्ची ओढून घ्यायच्या आत तो तयार! काकूंना आनंद झाला असेल, पण त्यांनी तो दाखवला नाही. पुढचे दिवस त्या काकांशी कामापुरतंच बोलल्या. जेवायला या, दिवा लावा, एवढंच. काकांनीही ते मुकाट सोसलं. त्यांची चूकच तेवढी होती.

पेपराच्या दिवशी सकाळी काकूंनी खोलीचं दार लोटून घेतलं. काका स्वयंपाकघरात वर्तमानपत्र धरून बसले, पण लक्ष सगळं आत. घड्याळात वेळ झाली आणि आतून टकटक सुरू झाली.

ती थांबेचना.

काकांना आधी वाटलं, ही काहीतरी भलतंच करतेय. टकटक त्यांनी वर्षभर ऐकली होती. चार अक्षरं, मग शांत. पुन्हा दोन, पुन्हा शांत. बायकोला आता सुचायला वेळ लागतो, वय झालं तिचं, असं ते धरून चालले होते. मुलालाही फोनवर तसंच सांगितलं होतं, वर हसले होते. आणि आता आतली बाई एका दमात लिहीत सुटली होती. पानामागून पान. मध्ये क्षणभर थांबली तर पुन्हा दुप्पट जोराने. हे सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. केव्हापासून तयार होतं. आणि ती रोज त्या पडद्यासमोर एकेक अक्षर उमटायची वाट बघत बसली होती, आणि तिचा नवरा शेजारच्या खोलीत बसून तिला मंद समजत होता.

काकांना रडू आवरेना. आत आवाज जाऊन तिचं लक्ष मोडू नये म्हणून तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून ते रडले.