सिद्धार्थचं 'इथं'

सिद्धार्थला मी फसवलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोलाही नाही. ज्या रॉक बँडची गाणी आज गल्लोगल्ली वाजतात, त्याचा मी मॅनेजर होतो. सिद्धार्थ त्याचा पहिला गायक. नाव ऐकलं नसेल तुम्ही. ती माझीच करणी.

मी लग्नांत स्पीकर वाहून वर आलोय. घासाघीस माझ्या रक्तात आहे. पहिल्या अल्बमच्या पैशांवरून म्युझिक कंपनीशी माझी हुज्जत चालली होती, तेव्हा क्रांती चौकातल्या आमच्या तालमीच्या खोलीत हा गंगापूरचा पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, गाणं हाय हे. शहागंजच्या बाजारातलं टरबूज नाय, टिचक्या मारून भाव करायला!" सगळे हसले. गिटारवाला समीर तर पोट धरून. मीही हसलो — पण ते डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. स्पीकरवर होता, शेजारी फक्त समीर. ते म्हणाले, तो पोरगा 'इथंच गाडा मला' गातो ना — ते 'इथं' म्हणजे गाण्याचा जीव. तसंच ठेवा. आणि मी सिद्धार्थला, समीरच्या देखत, काय सांगितलं? "कंपनीला तुझी खेडवळ बोली नको. 'इथे' म्हण, नाहीतर दुसरा गायक बघतो."

दुपारभर तो 'इथे' घोकत राहिला. शब्द सुधारला की सूर मोडायचा. शेवटी त्यानं माइक जागेवर ठेवला. "नाय जमत, भाऊ. माझ्यापायी तुमचं अडायला नको." जीपमध्ये बसून गावी गेला. थांबवता आलं नसतं का? आलं असतं. थांबवलं नाही.

मग गाणं समीर गायला — 'इथं'सकट, सिद्धार्थची हुबेहूब नक्कल करत. अल्बम तुफान चालला. मैदानं भरली, हजारो पोरं 'इथं' म्हणून ओरडायला लागली. सिद्धार्थनंही ते ऐकलंच असेल — आणि ऐकताक्षणी माझं खोटं ओळखलं असेल. विचारायला मात्र कधी आला नाही.

मला हलकट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. एका हशापायी मी त्या पोराचं गाणं हिसकावलं. केलं ते केलं, झाकणार नाही. पण परवा हिशेबाच्या भांडणावरून बँडनं मला काढलं, तेव्हा समीर चारचौघांत म्हणाला, "खोटारड्या माणसासोबत काम नाही करायचं आम्हाला." हाच मुलाखतींतून सांगत फिरतो, सिद्धार्थ स्वतःहून गेला!

समीर, तो फोन तूही ऐकलास. माझं मी बोललो. आता तू गंगापूरला जा, त्याच्या दारात उभा राहा — आणि जाब दे.